भिंतीतली कोॲक्सियल तार तशीच ठेवून आयपी कॅमेरे बसतील का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात तुमची ३६ फ्लॅटची स्कीम. २०१३ साली बिल्डरनेच भिंतीतून कोॲक्सियल तारा (मध्ये एक तार, भोवती धातूची जाळी) टाकून आठ ॲनालॉग कॅमेरे बसवून दिले. पुढे पार्किंगसाठी तीन आणि मागच्या गेटला एक असे चार वाढवले. आता फुटेजमध्ये माणूस दिसतो पण चेहरा ओळखू येत नाही, म्हणून सोसायटीला आयपी कॅमेरे, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे कॅमेरे, हवे आहेत. एक इन्स्टॉलर म्हणतो भिंती फोडून सगळीकडे नवी कॅट-६, म्हणजे नेटवर्कची तार, टाकावी लागेल. दुसरा म्हणतो, बीएनसीला, म्हणजे जुन्या तारेच्या टोकाच्या गोल कनेक्टरला, पन्नास रुपयांचा एक छोटा कनेक्टर लावा, जुन्याच तारेवर नवा कॅमेरा चालून जाईल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मागच्या गेटवर रात्री गाडीचा नंबर वाचता येईल का.

दोघांचंही बोलणं अर्धवट आहे. जुन्या कोॲक्सियल तारेवर आयपी कॅमेरा चालतो. इतवारीतल्या जुन्या इमारतींपासून हिंगण्याच्या कारखान्यांपर्यंत मी हे काम केलेलं आहे आणि त्यातले बरेच कॅमेरे आजही सुरू आहेत. पण एखाद्या तारेवर तो चालेल की नाही हे कॅमेऱ्याच्या कंपनीवरून सांगता येत नाही. भिंतीत धातू कोणता आहे, तार किती लांब आहे आणि मध्ये किती ठिकाणी जोडली आहे, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून कोटेशन मागवण्याआधी बाराही तारा मोजून घ्या. तुमच्याकडे कदाचित नऊ तारा उत्तम निघतील आणि तीन निकामी. बारांसाठी एकच उपाय लावायला गेलं की पैसे वाया जातात.

आधी त्या पन्नास रुपयांच्या कनेक्टरबद्दल, कारण त्याच्यावर सोसायटीचे पैसे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. तो बहुतेक व्हिडिओ बलून असावा. त्याचं काम नेमकं उलटं आहे. ॲनालॉग कॅमेऱ्याचं चित्र कॅट-५ किंवा कॅट-६ तारेवरून न्यायचं असेल तेव्हा तो लागतो. आयपी कॅमेऱ्याला १०० एमबीपीएसच्या नेटवर्कसाठी पीळ दिलेल्या दोन जोड्या, म्हणजे चार तारा लागतात. एक जोडी माहिती पाठवते, दुसरी घेते. कोॲक्सियलमध्ये मधली एक तार आणि तिच्याभोवतीची जाळी, बस. शिवाय नेटवर्कची तार १०० ओहमची आणि कॅमेऱ्याची कोॲक्सियल ७५ ओहमची. ज्यांनी नव्वदच्या दशकात ऑफिसात काम केलंय त्यांना आठवेल, तेव्हा कॉम्प्युटरचं नेटवर्क बीएनसी लावलेल्या तारेवरच चालायचं. पण ती तार ५० ओहमची होती आणि ती पद्धत आजच्या कॅमेऱ्यात नसते. नुसता आकार जुळवून भाषा जुळत नाही.

खरा उपाय म्हणजे इथरनेट ओव्हर कोॲक्स कन्व्हर्टरची जोडी. एक डबा कॅमेऱ्याजवळ, दुसरा रेकॉर्डरजवळ. हे दोन्ही डबे म्हणजे एक प्रकारचे मोडेम आहेत. कॅमेऱ्याकडून आलेली माहिती उच्च वारंवारितेच्या लहरींवर चढवायची, कोॲक्सियलवरून न्यायची आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा नेटवर्कमध्ये उतरवायची. रेकॉर्डरच्या बाजूला चार, आठ किंवा सोळा तारा घेणारा एकच डबाही मिळतो. चांगल्या जातीच्या डब्यांत आणखी एक सोय असते. रेकॉर्डरच्या बाजूने ४८ ते ५६ व्होल्ट त्याच कोॲक्सियलवर सोडायचे आणि कॅमेऱ्याजवळच्या डब्याने ते कॅमेऱ्याला पीओई, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच जाणारी वीज, म्हणून द्यायचे. म्हणजे कॅमेऱ्यापाशी वेगळा अडॅप्टर नको.

वेगाची काळजी तुम्ही करू नका. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीत साधारण ३ ते ४ एमबीपीएस घेतो. लांब तारेवर कन्व्हर्टरचा वेग उतरून १० एमबीपीएस झाला तरी एका कॅमेऱ्याला तो पुरतो.

अडतं ते विजेवर. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त तक्रारी इथूनच येतात.

आरजी-५९ (कॅमेऱ्याच्या कोॲक्सियलची नेहमीची जात) असं छापलेल्या दोन तारा बाहेरून सारख्या दिसतात. एकीच्या गाभ्यात सबंध तांबं असतं, दुसरीत पोलादाच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. डिशवाले जी आरजी-६ वापरतात तीही बहुतेक अशीच मुलाम्याची असते. गंमत अशी की माहिती नेण्याच्या बाबतीत या दोन्ही तारा जवळपास सारख्याच. उच्च वारंवारितेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. १० मेगाहर्ट्झला तो तांब्यात जेमतेम ०.०२ मिलिमीटर खोल जातो, तेवढा मुलामा पुरतो. पण डीसी वीज पूर्ण जाडीतून वाहते आणि तिला पोलादाचा अडथळा सोसावा लागतो. आरजी-५९ च्या मधल्या तारेचा रोध तांब्यात १०० मीटरला साधारण ३.३ ओहम, पोलादी गाभ्यात १६ ओहमच्या घरात.

आता हिशेब करू. रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेरा ६ वॅट घेतो असं धरा. १२ व्होल्टवर ते होतात अर्धा अँपिअर. पोलादी तारेवर १०० मीटरमध्ये ८ व्होल्ट तारेतच संपतील, कॅमेऱ्यापर्यंत ४ पोचतील, तो सुरूही होणार नाही. तीच वीज ४८ व्होल्टवर पाठवली तर प्रवाह आठवा हिस्सा अँपिअर, आणि तारेत जातात फक्त २ व्होल्ट. म्हणून कोॲक्सियलवरून वीज द्यायची असेल तर ४८ व्होल्टचीच पद्धत घ्या. '१२ व्होल्ट त्याच तारेवर सोडून देतो' असं कुणी म्हणालं तर तार किती लांब आणि कशाची ते त्याला विचारा. दिवसा कॅमेरा छान चालतो आणि अंधार पडला, दिवे लागले की बंद पडतो, ही तक्रार तुम्ही कुठे ऐकली असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. लोक मात्र कॅमेरा बदलत बसतात.

तर मोजायचं कसं? मल्टीमीटर असलेला कोणताही इलेक्ट्रिशियन एका दुपारी हे करेल. तार दोन्ही टोकांना सोडवा. आधी दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात रोध बघा. मीटरने काहीच दाखवू नये. काही दाखवलं तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पाणी शिरलंय. मग एका टोकाला मधली तार जाळीला जोडा आणि दुसऱ्या टोकाला मोजा. १०० मीटरला ४ ते ६ ओहम आले तर तांबं आहे आणि जोडही ठीक आहेत. २० च्या आसपास आले तर पोलादी गाभा. ४० किंवा त्याहून जास्त आले, किंवा तार हलवली की आकडा नाचू लागला, तर मध्ये जोड सडलेला आहे. लोहचुंबकही जवळ ठेवा. सोललेली मधली तार चुंबकाला चिकटली की शंका संपली. चिकटली नाही तर ब्लेडने थोडी खरवडा. आत पांढरट दिसलं तर ॲल्युमिनियम, तांबूसच राहिलं तर तांबं. कॅमेऱ्याचं नाव, अंदाजे लांबी, आलेला आकडा, एवढं एका कागदावर लिहून ठेवा आणि कोटेशन देणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो कागद द्या. तो पाहून जो दोन प्रश्न विचारेल त्याला काम येतं असं समजा.

जोडांबद्दल एक अनुभव सांगतो. प्रतापनगरात एका इमारतीत दुसऱ्या मजल्याचा कॅमेरा दर वर्षी एप्रिलमध्ये जायचा आणि पावसाळ्यात आपोआप बरा व्हायचा. पाणी शिरलं तर जुलैत बिघडायला हवा, इथे उलटं. दोन वर्षं दोन इन्स्टॉलरांनी डबे बदलले. मी गेलो तेव्हा एक काकू सहज म्हणाल्या, "आमचा कूलर सुरू झाला की तो कॅमेरा बंद पडून राहिला जी." खिडकीबाहेर कूलरचा स्टँड, त्याच्याखाली जंक्शन बॉक्स, त्यात तारा पिळून नुसती टेप गुंडाळलेली. कूलरचं पाणी दिवसरात्र त्याच्यावर ठिबकत होतं. जाळी हिरवी पडून तिचा भुगा झाला होता. ॲनालॉग कॅमेरा असताना तिथे चित्रात नुसत्या रेघा यायच्या आणि लोक ते चालवून घ्यायचे. नेटवर्कचा संदेश तसं चालवून घेत नाही, जोडणी तुटली की चित्र पूर्ण जातं. म्हणून प्रत्येक जोड उघडून बघा. पिळलेला जोड असेल तर कापून दोन्हीकडे बीएनसी क्रिंप करा, मध्ये जोडणारा बॅरल लावा आणि सगळं बंद डब्यात ठेवा. स्क्रूने आवळायचे बीएनसी मी नव्या कामात अजिबात वापरत नाही.

तुमच्या आठ जुन्या तारा बिल्डरने टाकलेल्या आरजी-५९ असतील तर त्यांच्याबद्दल मला आशा आहे. पार्किंगच्या तीन तारा मात्र ३+१ (एक कोॲक्सियल आणि तीन साध्या तारा एकत्र) आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि तिथे मी सावध आहे. ३+१ मधली कोॲक्सियल सुतळीसारखी बारीक असते, जाळी विरळ, धातू बहुधा मुलाम्याचा. सोबतच्या तीन तारा वीज आणि माइकसाठी. काही जण त्या तीन आणि मधली एक अशा चार तारा धरून आरजे-४५, म्हणजे नेटवर्कचा प्लग, मारतात. त्यांना पीळ नाही, जोड्या नाहीत. वीस मीटरवर नेटवर्कचा दिवा लागतो, कॅमेरा दिसतो, कारागीर पैसे घेऊन जातो, आणि मग चित्र येत-जात राहतं. पार्किंगच्या तारा छताखालून उघड्याच गेल्या असतील तर तिथे कन्व्हर्टरवर खर्च करू नका, सरळ कॅट-६ टाका. स्टिल्टखाली, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगमध्ये, भिंत फोडायचा प्रश्नच येत नाही.

भिंतीतल्या तारांनाही एक संधी देऊन बघा. एका माणसाने एका टोकाला तार हलकेच ओढायची, दुसऱ्याने दुसरं टोक बघायचं. सरकली तर नशीब. जुनीच तार दोरीसारखी वापरून तिच्या शेपटीला कॅट-६ बांधा आणि टॅल्कम पावडर लावून ओढून घ्या. पाइप २५ मिलिमीटरचा आणि वळणं दोन-तीन असतील तर बऱ्याचदा जमतं. अडली तर जोर लावू नका. आत तुटली तर जुनी तारही गेली आणि नवीही नाही. तशा वेळी कन्व्हर्टरच बरा.

मागचं गेट १४० मीटरवर आहे. तिथे पहिल्या इन्स्टॉलरची कॅट-६ ही थेट चालणार नाही, कारण तांब्याच्या नेटवर्क तारेची मर्यादा १०० मीटर. मध्ये स्विच ठेवायला कंपाउंडच्या भिंतीवर डबा आणि वीज लागेल. जमिनीतून गेलेली तुमची कोॲक्सियल मोजमापात खरी उतरली तर तिथे ती कॅट-६ पेक्षा सरस आहे. पोलादी गाभा निघाला तरी येण्याजाण्याचा रोध २५ ओहमच्या आसपास. कॅमेरा आणि डबा मिळून ९ वॅट धरले तरी ४८ व्होल्टवर पाचेक व्होल्टच पडतील. एकच अट. गेटच्या केबिनला वेगळ्या मीटरवरून वीज आणि वेगळं अर्थिंग असेल, तर कोॲक्सियलची जाळी ही दोन अर्थिंग एकमेकांना जोडते. मग नको तो प्रवाह जाळीतून वाहतो, आणि आपल्याकडे जूनमध्ये विजा कडाडतात तेव्हा दोन्ही टोकांचे डबे एकदम जळतात. अशा ठिकाणी मी फायबर, म्हणजे प्रकाश नेणारी काचेची तार, टाकतो. दोन टोकांना नेटवर्कचा संदेश प्रकाशात बदलणारे मीडिया कन्व्हर्टर, मध्ये काच, विजेचा संबंधच तुटतो. केबिनची वीज तुमच्याच मीटरवरून असेल तर कोॲक्सियल ठेवा आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा.

आता एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. तुम्हाला बाराही कॅमेरे आयपी हवेतच का? तुमचा खरा त्रास चेहरा ओळखू न येणं हा आहे. आजचे ॲनालॉग एचडी कॅमेरे ५ मेगापिक्सेलपर्यंत याच आरजी-५९ वर, कोणत्याही कन्व्हर्टरशिवाय चालतात. जुना डीव्हीआर, म्हणजे ॲनालॉग रेकॉर्डर, काढून एक्सव्हीआर नावाचा नवा रेकॉर्डर घ्यायचा. त्यात ॲनालॉगही लागतात आणि काही आयपी चॅनेलही. कन्व्हर्टरची जोडी बऱ्याचदा एका बऱ्यापैकी कॅमेऱ्याइतकी महाग पडते, मग जिन्यातल्या प्रत्येक कॅमेऱ्यामागे ती का लावायची? मी तुमच्या जागी असतो तर जिने आणि लॉबीचे आठ ॲनालॉग एचडी ठेवले असते, पार्किंगला कॅट-६ वर आयपी आणि कन्व्हर्टर फक्त मागच्या गेटला. याच्याशी सगळे इन्स्टॉलर सहमत होतील असं नाही. पुढे प्रत्येक कॅमेऱ्यात माणूस-गाडी ओळखण्याची आयपीतली सोय हवी असेल, किंवा दोन इमारतींचं फुटेज एकत्र आणायचं असेल, तर सगळे आयपी करण्याला अर्थ आहे. एक्सव्हीआर घेताना मात्र तो किती आयपी कॅमेरे आणि एकूण किती एमबीपीएस घेतो हे पत्रकात वाचूनच घ्या.

नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरा. कन्व्हर्टर स्वतः तापणारी वस्तू आहे. इतवारीत एका गच्चीवरचा डबा पत्र्याच्या पेटीत बसवला होता. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, पेटीत हात लावता येईना, आणि रोज दुपारी एक ते पाच त्या कॅमेऱ्याचं चित्र गायब. आम्ही डबा जिन्याच्या सावलीत आणला, एवढ्यानेच तो बरा झाला. तांब्याचा रोधही तापमानाबरोबर वाढतो, २० अंशांवरून ६० वर गेलं की साधारण १६ टक्के. त्यामुळे जानेवारीत काठावर पास झालेली तार मेमध्ये नापास होऊ शकते. मोजणी शक्यतो उन्हात करा.

आणि एक धोक्याची सूचना. काम टप्प्याटप्प्याने होईल, काही तारा जुन्या डीव्हीआरवर असतील, काही कन्व्हर्टरवर. कन्व्हर्टरच्या तारेवर ४८ व्होल्ट असतात. ती चुकून जुन्या डीव्हीआरच्या बीएनसीत खोचली तर तो पोर्ट जळू शकतो. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव लिहून चिकटवल्याशिवाय कारागिराला डब्यात वीज सोडू देऊ नका.

राहिला गाडीचा नंबर. इथे तार किंवा आयपी यांचा फारसा संबंध नाही, भिंगाचा आहे. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्राची रुंदी २५६० पिक्सेल. नेहमीचं २.८ मिलिमीटरचं भिंग १० मीटरवर साधारण २४ मीटर रुंद दृश्य पकडतं, म्हणजे मीटरला शंभरेक पिक्सेल. कारची नंबर प्लेट अर्धा मीटर रुंद, तिच्या वाट्याला पन्नास. थांबलेल्या गाडीचा नंबर दिवसा कसाबसा वाचाल, रात्री नाही. तेच ८ मिलिमीटरचं भिंग लावलं तर त्याच अंतरावर सातेक मीटरच दिसतात आणि प्लेटवर १८० च्या आसपास पिक्सेल येतात. दुसरी अडचण प्रकाशाची. नव्या हाय सिक्युरिटी प्लेट प्रकाश परतवतात, त्यामुळे कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे त्यावर पडून पाटी नुसती पांढरी फट्ट दिसते. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद आणि एक्सपोजर कमी केल्यावर आकडे उठून येतात, पण मग बाकीचं चित्र काळोखं होतं. म्हणून गेटला दोन कॅमेरे लावा, एक रुंद दृश्यासाठी आणि एक फक्त प्लेटसाठी. तारा दोन लागत नाहीत. कन्व्हर्टरचा वेग पुरेसा असेल तर कॅमेऱ्याच्या टोकाला छोटा पीओई स्विच ठेवून दोन्ही त्याच कोॲक्सियलवर येतील, फक्त त्या स्विचला वीज केबिनमधून द्या. काम झाल्यावर रात्री अकरानंतर तुमचीच गाडी हेडलाइट लावून नेहमीच्या वेगाने आत आणा, रेकॉर्डिंग उघडा, आणि नंबर वाचता आला तरच त्या कॅमेऱ्याचे पैसे द्या.